आधी काय, नंतर काय

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की आईबाबांपुढे पहिला प्रश्न येतो तो पुस्तकांचा. कुणी रंगीत चित्रं पाहून संच निवडतं, कुणी ओळखीच्या घरात चाललेला संच मागवतं, कुणी जाडजूड पुस्तक म्हणजे भरपूर शिक्षण असं समजतं. अभ्यासक्रम म्हणजे शिकवायच्या गोष्टींची यादी, ही आपली जुनी समजूत. ती किती अपुरी आहे हे ज्या पुस्तकाने मला नीट दाखवलं, त्याचं नाव ‘टीच युवर चाइल्ड टू रीड इन 100 ईझी लेसन्स’. सिगफ्रीड एंगलमन, फिलिस हॅडॉक्स आणि इलेन ब्रूनर यांचं हे पुस्तक 1983 साली अमेरिकेत निघालं. तेव्हापासून घरी शिकवणाऱ्या असंख्य कुटुंबांत मुलांचं पहिलं वाचन याच पुस्तकाने झालं आहे. दिसायला ते साधं, चित्रं त्याहून साधी. पण कवितेतला शब्दांचा क्रम हलवला की कविता मोडते, तशी या पुस्तकातली अक्षरं मागेपुढे केली तर सगळी बांधणी कोसळेल. म्हणून ते कवितेसारखंच सावकाश वाचायला हवं.

पुस्तकाआधी थोडं त्याच्या कर्त्याविषयी. एंगलमन (1931–2019) शिकागोत जन्मले, तत्त्वज्ञान शिकले आणि काही काळ जाहिरातीच्या व्यवसायात होते. एखादी गोष्ट मुलाच्या डोक्यात बसायला ती किती वेळा आणि कशी समोर यावी लागते, हा प्रश्न त्यांच्या मागे लागला तो तिथेच. घरच्या जुळ्या मुलांना त्यांनी स्वतः शिकवलं. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात कार्ल बेरायटर यांच्याबरोबर त्यांनी गरीब वस्तीतल्या लहान मुलांसाठी बालवर्ग चालवला. तिथून ‘डिस्टार’ हा शालेय वाचन-गणिताचा कार्यक्रम तयार झाला. अमेरिकी सरकारने 1968 पासून ‘फॉलो थ्रू’ या मोठ्या प्रकल्पात शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. 1977 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा मूलभूत कौशल्यांत एंगलमन यांच्या पद्धतीने शिकलेली मुलं सर्वांत पुढे होती. त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही वाढलेला दिसला. आपलं पुस्तक म्हणजे त्याच शालेय कार्यक्रमाचं आईबाबांच्या हातात देता येईल असं रूप.

ते आलं त्या काळालाही अर्थ आहे. 1977 मध्ये जॉन होल्ट यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केलं होतं. मुलाला मोकळं सोडा, ते आपल्या ओढीने शिकेल, हा त्यांचा विचार. 1993 पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायद्याने मान्य झालं. शब्दन् शब्द आखून देणारं एंगलमन यांचं पुस्तक घरी शिकवण्याच्या त्याच चळवळीतल्या घरांत, होल्ट यांच्या पुस्तकांशेजारी, कपाटात बसलं. वरवर पाहता या दोघांचं जुळू नये. पण घरी शिकवणाऱ्या आईला दोन्ही हवे असतात: मुलावर विश्वास ठेवायला सांगणारा एक माणूस, आणि उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते सांगणारा दुसरा.

आता पहिला पाठ उघडू. आईने काय बोलायचं ते लाल अक्षरांत छापलेलं आहे. अमुक अक्षराखाली बोट ठेवा, असं म्हणा, मूल असं म्हणेल. इतकं बारकाईने लिहिलेलं पाहून अनेकांना पहिल्यांदा घुसमटल्यासारखं होतं. दोन-तीन पाठ झाले की त्यातली माया कळते. लिहून दिलेले शब्द आईचा गोंधळ कमी करतात. शिकवताना मोठ्या माणसाला फार बोलायची सवय असते. एक गोष्ट सांगताना आपण तीन गोष्टी सांगतो, आणि नेमकं कशाकडे पाहायचं हे मुलाला कळत नाही. इथे प्रत्येक वाक्य आखूड आहे. पाठ साधारण वीस मिनिटांत संपतो. मुलाचं चुकलं तर रागवायचं नाही, कोड्यात टाकायचं नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचं, ते मुलाकडून म्हणवून घ्यायचं आणि मग त्याच जागी परत येऊन त्याला एकट्याने म्हणू द्यायचं. चूक झाली तर ती आधी शिकवणाऱ्याच्या रचनेत शोधायची, ही एंगलमन यांची आयुष्यभराची भूमिका. या पुस्तकात ती उपदेश म्हणून कुठे येत नाही, प्रत्येक दुरुस्तीच्या पद्धतीत मुरलेली आहे.

पहिल्या पाठात दोनच अक्षरं आहेत, एम आणि एस. ए-बी-सी-डी नाही, ‘ए फॉर ॲपल’ नाही. अक्षराचं नावसुद्धा सांगायचं नाही, सांगायचा फक्त आवाज. एम दिसलं की ओठ मिटून लांबवलेला ‘म्म्म्’, एस दिसलं की ‘स्स्स्’. हीच दोन का? कारण हे आवाज हवे तितके लांबवता येतात. ‘ट्’ किंवा ‘ब्’ लांबवता येत नाही, तो तोंडातून सुटला की संपला. लांबवता येणारे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि वाचन म्हणजे शेवटी आवाजांचं मिसळणंच. म्हणून पहिली चार अक्षरं एम, एस, ए आणि लांब ‘ई’च्या आवाजाचं ई, चारही लांबणारी. एवढ्यावर मूल ‘ॲम’, ‘मी’, ‘सी’ हे इंग्रजी शब्द वाचू लागतं. ‘ट्’चा आवाज त्यानंतर येतो, मिसळायचं कसं हे मुलाला आधी कळल्यावर.

शब्दाखाली एक आडवा बाण असतो आणि अक्षरांखाली ठिपके. बोट ठिपक्यावर थांबतं, आवाज लांबतो, बोट पुढे सरकतं. मध्ये श्वास तोडायचा नाही. शेवटी तोच शब्द भरकन म्हणायचा. याचा सराव छापील शब्द वाचण्याच्याही आधी, नुसत्या कानाने झालेला असतो: आई शब्दाचे तुकडे सुटे सुटे म्हणते, मूल ते जोडून पटकन म्हणतं. वाचनातलं सर्वांत अवघड कौशल्य पुस्तकाने छापील अक्षरांपासून वेगळं काढलं आणि आधी खेळासारखं तोंडी करून घेतलं. हे किती मोठं काम आहे ते ‘क-म-ळ’ असं सुटं सुटं म्हणून मग गप्प बसलेलं मूल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. तिन्ही अक्षरं त्याला येतात, जोडता मात्र येत नाही.

मराठी आईबाबांनी इथे विशेष लक्ष द्यावं. आपण व्यंजन शिकतो ते ‘अ’ मिसळून. म्हणून इंग्रजी शिकवतानाही ‘एम म्हणजे म, एस म्हणजे स’ असं आपण म्हणतो, आणि ‘सॅम’ वाचताना मूल ‘सअ-ॲ-मअ’ असं काहीतरी म्हणतं. पुस्तकाला हवा आहे पाय मोडलेला, निखळ ‘स्’. आपल्याला हलन्त माहीत असल्यामुळे ही मागणी लगेच समजते. फक्त तोंडाला ती सवय लावायला हवी.

या पुस्तकाचं खरं सौंदर्य त्याच्या छपाईत आहे. इंग्रजीत एक अक्षर अनेक आवाजांचं असतं आणि काही अक्षरं नुसतीच बसून असतात. एंगलमन यांनी सुरुवातीच्या पाठांसाठी खास अक्षरं वापरली. स्वर लांब असेल तर त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. टी-एच, एस-एच अशा जोड्यांचा एकच आवाज होतो, म्हणून त्या एकमेकांना चिकटवून छापलेल्या. जे अक्षर उच्चारायचं नाही ते आकाराने लहान. ‘ईट’ या शब्दातला ए छोटा, ‘मेड’मधला शेवटचा ई छोटा. मुलाला नियम एवढाच, की लहान अक्षराचा आवाज काढायचा नाही. देवनागरीत वाढलेल्या डोळ्यांना हे पाहून ओळख पटते. डोक्यावरची रेघ आपल्या मात्रेचं काम करते, चिकटलेली जोडी जोडाक्षराचं. आपल्या लिपीत जी सरळता आहे तिची थोडी उसनवारी करून हे पुस्तक इंग्रजीला काही महिने वाचनीय करतं.

यातली सर्वांत हुशार गोष्ट चटकन दिसत नाही. लहान छापलेलं अक्षर शब्दातून गेलेलं नसतं. स्पेलिंग जसंच्या तसं राहतं. याची किंमत कळण्यासाठी ब्रिटनमधला एक प्रयोग आठवावा. 1961 साली जेम्स पिटमन यांची 44 चिन्हांची ‘इनिशियल टीचिंग अल्फाबेट’ तिथल्या शाळांत आली. एका आवाजाला एक चिन्ह, आणि शब्दांचं लेखनही त्याप्रमाणे बदललेलं. मुलं भराभर वाचू लागली. पण नंतर नेहमीच्या इंग्रजीकडे वळताना आधी डोळ्यांत ठसलेली रूपं पुसावी लागत, आणि अनेकांना स्पेलिंगचा त्रास झाला. एंगलमन यांच्या छपाईत पुसायचं काही नाही. रेघ जाते, छोटं अक्षर मोठं होतं, चिकटलेली जोडी सुटी होते. शब्द तोच राहतो. साधारण पाऊण पुस्तक झालं की हे बदल घडतात. आधार काढून घ्यायची वेळ आणि रीत दोन्ही आधीच ठरवलेली आहेत. सोपं करून देणारी पुस्तकं पुष्कळ असतात. सोपेपणा परत कसा काढून घ्यायचा याचाही विचार केलेली फार थोडी.

अक्षरांच्या क्रमातही हेच भान आहे. बी आणि डी ही दोन अक्षरं मुलं हमखास उलटसुलट करतात. पुस्तकात डी अगदी लवकर येतं आणि बी निम्मं पुस्तक उलटल्यावर. मधल्या काळात डी इतकं घटवलेलं असतं की बी आलं तरी ते डळमळत नाही. ज्यांत घोटाळा होतो त्या गोष्टी एकत्र शिकवून फरक समजावायचा, ही आपली नेहमीची पद्धत. हे पुस्तक सांगतं: एक आधी पक्की करा, दुसरीला उशिरा बोलवा. आखूड ‘इ’ आणि आखूड ‘ए’ हे कानाला जवळचे आवाजही तसेच दूर दूर ठेवले आहेत.

नियमात न बसणाऱ्या शब्दांशी पुस्तक जसं वागतं ते मला फार आवडतं. डब्ल्यू-ए-एस हा ‘वॉज’ घ्या. बहुतेक ठिकाणी असे शब्द ‘हे पाठच करा’ म्हणून मुलापुढे ठेवतात. मग मुलाला वाटतं की अक्षरांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, चित्र पाहून अंदाज करावा. इथे मूल आधी तो शब्द अक्षरांप्रमाणे वाचतं, ‘वॅस’ असं. मग आई सांगते, वाचताना असं येतं, पण आपण म्हणतो असं. दोन्ही खरं आहे आणि मुलाला ते दोन्ही सांगितलं आहे. शिवाय अक्षरांप्रमाणे केलेला तो पहिला उच्चार पुढे स्पेलिंग लिहिताना कामी येतो.

पाठांत येणाऱ्या छोट्या गोष्टींतही एक साधी, अर्थपूर्ण योजना आहे. चित्र आधी दाखवायचं नाही. मूल वाक्य वाचतं, पुन्हा वाचतं, प्रश्नांची उत्तरं देतं, चित्रात काय असेल ते सांगतं आणि मग चित्र उघडतं. त्यामुळे चित्र वाचनाची कुबडी होत नाही, बक्षीस होतं. अक्षरांतून जे आपण मनात पाहिलं तेच कागदावर आहे, हा आनंद मुलाला मिळतो. वाचनाचा पहिला रस इथे आहे. चित्रावरून शब्द ताडण्याची सवय लावणाऱ्या पुस्तकांवर याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. गोष्टी बेताच्या आहेत. मोजक्या अक्षरांत लिहिल्यामुळे त्यांत भाषेची गोडी फारशी नाही, आणि रोजच्या पाठाची ठेवण एकसुरी आहे. म्हणून या वीस मिनिटांच्या जोडीला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचून दाखवलेली समृद्ध पुस्तकं घरात हवीतच. दुसरी उणीव स्पेलिंगची. पाठाच्या शेवटी मूल अक्षरं गिरवतं, पण लेखन इथे शिकवलेलं नाही. वाचताना अक्षरावरून आवाजाकडे जायचं असतं, आणि तिथे पर्याय थोडे असतात. लिहिताना आवाजावरून अक्षराकडे जायचं असतं, आणि इंग्रजीत तिथे वाटा फुटतात. लांब ‘ई’ दोन ई घालून लिहायचा, ई-ए लिहायचा, वाय लिहायचा की आय-ई, हे कान सांगू शकत नाही.

त्यासाठी वेगळ्या परंपरेकडे जावं लागतं. वाचनात अडखळणाऱ्या मुलांवर काम करणारे डॉ. सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी डोळे, कान आणि हात यांना एकत्र कामाला लावणारी पद्धत घडवली. त्याच परंपरेतल्या रोमाल्डा स्पाल्डिंग यांचं ‘द रायटिंग रोड टू रीडिंग’ 1957 साली आलं. त्यांची वाट उलटी आहे: इंग्रजीतली 70 ध्वनिचिन्हं शिका, शब्द ऐका, आवाज सुटे करा, लिहा, आणि लिहिलेलं वाचा. स्पेलिंगमधून वाचन. घरी शिकवणारे आईबाबा ‘हे की ते’ असा वाद घालतात, तेव्हा मला वाटतं की दोन्ही पुस्तकं एकाच सत्याची दोन टोकं धरून आहेत. एंगलमन यांच्या पुस्तकाने मुलाला लवकर वाचनाच्या आनंदापर्यंत न्यावं आणि मग स्पाल्डिंग यांच्या शिस्तीने हाताला स्पेलिंग द्यावं, हा मेळ चांगला बसतो.

मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं आहे. आवाज जोडून शब्द तयार झाला की मुलाचा चेहरा उजळतो, कारण तो शब्द त्याच्या कानात आधीपासून असतो. ज्या घरात मूल मराठी बोलतं, तिथे इंग्रजी आवाज जोडून तयार झालेला शब्द त्याला पोकळ वाटेल. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या अशा घरात पहिलं वाचन मराठीतच व्हावं. न्यू जर्सीत वाढणाऱ्या, घराबाहेर सतत इंग्रजी ऐकणाऱ्या मुलासाठी हे पुस्तक आहे तसं चालेल, पण त्याच्याही मराठीला तेवढाच विचार मिळायला हवा.

तो विचार मराठीत नेता येतो. आपण ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा तक्ता आधी पूर्ण करून घेतो, मग बाराखडी, मग शब्द, वाचनाचं सुख महिनोन् महिने लांबतं. त्याऐवजी म, ल, क, न ही चार अक्षरं आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, नाना, मला, काम, नाक, कान, मका, लाल, काल, माल, मान एवढे शब्द लगेच वाचता येतात, आणि ‘मामा, मला मका’ ही मागणीही. म पक्का होईपर्यंत भ आणू नका. घ आणि ध, ब आणि व, ट आणि ठ यांच्यात अंतर ठेवा. रफार आणि जोडाक्षरं सावकाश येऊ द्या. आपल्याकडेही ‘वॉज’सारखे प्रसंग आहेत. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘जगणं’मधलं ‘जग’ लिहायला एक, म्हणायला वेगळं. तिथे मुलाला खरं तेच सांगावं: लिहितो असं, म्हणतो तसं. शुद्धलेखनातही शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ लिहायचा, हे मूल भरपूर वाचू लागल्यावर सांगितलं तर ते त्याला ओळखीचं वाटतं. ही वाट मराठीला नवी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन कसं शिकवावं यावर अनेक वर्षं जीव ओतून काम केलं. अक्षरांचे छोटे गट करून स्वरचिन्हं लवकर आणायची आणि मुलाच्या हाती पहिल्यापासून अर्थपूर्ण शब्द द्यायचे, ही दृष्टी आपल्याकडच्या अशा कामांतून रुजली आहे.

म्हणून घरासाठी अभ्यासक्रम निवडताना त्यात काय काय आहे हे मोजत बसू नये. त्याला चार प्रश्न विचारावेत. पहिली गोष्ट पहिली का आहे? घोटाळा होणाऱ्या गोष्टी किती दूर ठेवल्या आहेत? मूल चुकलं तर मी काय करायचं हे सांगितलं आहे का? आणि दिलेला आधार कधी, कसा काढून घ्यायचा ते ठरवलं आहे का? एंगलमन, हॅडॉक्स आणि ब्रूनर यांचं पुस्तक या चारही प्रश्नांना सरळ उत्तर देतं, आणि म्हणून मी त्याला उत्तम रचनेचा नमुना मानतो. कोणतंही पुस्तक घ्या, पण विकत घेण्याआधी त्याचे पहिले दहा पाठ स्वतः मोठ्याने म्हणून पाहा.